चिठ्ठ्यांची वही

‘विकासात्मक अक्षमता असलेल्या बालकांच्या सेवा सुधारण्यासाठी नेतृत्व प्रशिक्षण.’ जून २०२३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर हे पत्रक आलं, तेव्हा नाव वाचूनच मी फोन खाली ठेवला होता. नेतृत्व म्हटलं की आमच्याकडे पांढरा शर्ट, स्कॉर्पिओ आणि चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स. मी पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात कंत्राटी विशेष शिक्षक. तेव्हा दरवर्षी करार संपायचा, दरवर्षी धाकधूक, मग पुन्हा आदेश. तालुक्यातल्या शाळा फिरायच्या, दिव्यांग मुलांना शिकवायचं, जी शाळेत येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी जायचं. यात नेतृत्व कुठे बसवायचं?

कोर्स संपून आता बरेच दिवस झाले. मधल्या काळात तीन-चार जणींचे फोन आले : “मॅडम, फॉर्म भरू का? झेपेल का?” प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते. तालुक्याचं नाव टाकत नाही, कुणाला उगाच आपलं कार्यालय ओळखू यायला नको. नागपूरहून एसटीने साडेतीन तास, कापूस, तूर आणि सोयाबीन, एवढं पुरे.

अर्जाची शेवटची तारीख ३१ जुलै होती. कागद फार नव्हते : पदवी, भारतीय पुनर्वास परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, कार्यालयाचं ना हरकत पत्र आणि तीनशे शब्दांचं निवेदन. नोंदणीची मुदत तेवढी तपासून घ्या. ती दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि माझी संपायला चारच महिने उरले होते, ते मला फॉर्म भरताना कळलं. निवेदनात प्रश्न होता, ‘तुमच्या भागातली कोणती एक गोष्ट तुम्हाला बदलायची आहे?’ मी लिहिलं, तालुक्याला थेरपी केंद्र हवं. अर्ध्या लोकांनी हेच लिहिलं होतं, हे नंतर कळलं.

ना हरकत पत्राला तेवीस दिवस लागले. आमचे बाबू म्हणाले, “मॅडम, नेतृत्व कायले पाहिजे तुमाले? झेडपीले उभ्या राहून राह्यल्या का?” सगळे हसले, मीही हसले. फाइल जिल्ह्याला गेली आणि ‘नियमित कामात खंड पडणार नाही या अटीवर’ असा शेरा घेऊन परत आली. एक गोष्ट शिकले. अर्ज देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख टाकून घ्यायचीच. तो नंबर नसता, तर माझी फाइल ‘दिसून नाही राह्यली’ या सदरात गेली असती.

मुलाखत सप्टेंबरमध्ये, व्हिडिओ कॉलवर. शाळेच्या मागे कडुनिंबाखाली रेंज येते म्हणून तिथे खुर्ची टाकली, तर मागे पोरांचा कबड्डीचा तास. त्यांनी विचारलं, “तुमच्या कामात तुम्ही कुणाला नाही म्हणू शकता का?” मी म्हटलं, “नाही.” निवड झाली. फी आठ हजार, पण कंत्राटी म्हणून निम्मी माफ झाली. चार हजार दोन हप्त्यांत भरले.

पहिलं निवासी शिबिर ९ ते १३ ऑक्टोबर, नागपूरला. आम्ही बावीस जण : दोन बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, अंगणवाडी पर्यवेक्षिका, नर्स, माझ्यासारखे शिक्षक, आणि दोन आया. म्हणजे दिव्यांग मुलांच्या आया, शिकायला आलेल्या. पहिल्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्याशी जरा जपून बोलत होतो. तिसऱ्या दिवशी त्याच आम्हाला जपून घेत होत्या.

शिकवलं काय? भाषणं कमी होती. कॅनडातल्या पीटर रोझेनबॉम आणि यान विलेम गोर्टर या दोन डॉक्टरांनी २०१२ मध्ये मांडलेले ‘एफ’ अक्षराचे सहा शब्द आम्हाला दिले आणि मराठीत आणायला सांगितले. इंग्रजीत एकाच अक्षराची गंमत आहे, मराठीत ती येत नाही. आमच्या गटाने बरीच ओढाताण करून लिहिलं : काम, घर, तब्येत, मजा, दोस्त आणि पुढचं. मुलाकडे बघताना या सहा खिडक्यांतून बघायचं. मी माझ्या पिशवीतले वैयक्तिक शिक्षण आराखडे काढले. पंधरा वर्षांचं अक्षर एकसारखं : ‘बसता येत नाही. बोलता येत नाही. पेन्सिल धरता येत नाही.’ मजेचा रकाना एकाही कागदावर नव्हता. त्या रात्री झोप लागली नाही, आणि ते केवळ खोलीतल्या डासांमुळे नव्हतं.

गडचिरोलीवरही एक तास झाला. घरोघरी जाऊन नवजात बाळं वाचवण्याचं जे काम ‘सर्च’ या संस्थेने तिथल्या गावातल्या बायांना शिकवून उभं केलं, ज्याचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, त्याच धर्तीवर आज आशाताई देशभर घरभेटी देतात. शिकवणारे डॉक्टर म्हणाले, बाळ वाचलं, आता त्याची वाढ कोण बघणार? आशाताईंच्या ठरलेल्या घरभेटी पंधराव्या महिन्याला संपतात. मूल दोन वर्षांचं होऊनही बोलत नाही हे आईच्या लक्षात येतं, तेव्हा दाराशी कुणी ठरवून येत नसतं.

चौथ्या दिवशी एका मुलाच्या आयुष्यात येणारी सगळी माणसं कागदावर काढायची होती. मी हौसेने काढली : आशा, सेविका, शाळा तपासणीचं पथक, डॉक्टर, मी, तलाठी, ग्रामसेवक. बाण काढत गेले तर सगळे बाण आईकडे. माझ्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं, “यातलं कोण कुणाला फोन करतं?”

कुणीच नाही.

मग माझं थेरपी केंद्र त्यांनी पुढे ओढलं. “समजा, उघडलं. पहिल्या दिवशी कोण येईल?” मी एका आईचं नाव सांगितलं. “कशी येईल?” एसटीने. “किती वाजताच्या?” मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं मी त्या गावाला माझ्या स्कूटीवर जात होते. घरचा अभ्यास मिळाला : एक पूर्ण दिवस त्या कुटुंबासोबत घालवायचा. सल्ला द्यायचा नाही, मदतही मागितल्याशिवाय करायची नाही.

दिवाळी झाली, वेचणी भर रंगात होती. आई म्हणाली, “बुधवारी येतो मॅडम मी, सर्टिफिकिटाचा दिवस असते. पण मजुरी जाते नं.” २२ नोव्हेंबरला पहाटे पावणेसहाच्या एसटीला आम्ही निघालो. मुलगा सहा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही. त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. तिने त्याला कडेवर असं घेतलं होतं की एक पाय पुढे, एक मागे, आणि अडकलेले पाय आपोआप मोकळे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट फाडलं, बायांची सवलत म्हणून. पोराचं वय बघून त्याचंही अर्धं. मी म्हटलं, दिव्यांगांना पंचाहत्तर टक्के सवलत असते ना? तो म्हणाला, “कार्ड दाखवा.” कार्ड काढायलाच तर चाललो होतो.

दवाखान्यात साडेआठला पोचलो. खिडकी दहाला उघडली. “ऑनलाइन अर्ज केला काय?” केला होता, गावातल्या शिबिरात. नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात धुऊन निघाली होती. अर्जात मोबाइल नंबर टाकला होता दिराचा, कारण त्या दिवशी चालू फोन तेवढाच. दीर पुण्यात कंपनीत, पहिल्या पाळीला. त्याचा मेसेज सव्वाबाराला आला. हाडांचे डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, पावणेतीनला आले, चांगले बोलले, नीट तपासलं आणि म्हणाले, याची बुद्धिमापन चाचणीही लागेल. ते मानसतज्ज्ञ वेगळ्या दिवशी येतात. आज होणार नाही.

माझ्या वहीत त्या दिवसाचा हिशेब आहे. दोघांची जाण्या-येण्याची तिकिटं २२०, ऑटो ८०, झेरॉक्स २०, चहा-बिस्किटं-पोहे ९०, बुडालेली मजुरी ३५०. सातशे साठ रुपये, हातात काही नाही. ‘एकदा जिल्ह्याला जाऊन या’ हे वाक्य मी किती आयांना किती सहज म्हटलं होतं, ते मला परतीच्या गाडीत उभ्याने आठवत राहिलं. ती मात्र रागावली नव्हती. खिडकीशी पोराला धरून म्हणाली, “त्याले गाडी आवडते पाय.” मजेचा रकाना.

(चिठ्ठीवरून सांगते. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज करताना मोबाइल नंबर घरात राहणाऱ्या माणसाचाच द्या, आणि नोंदणी क्रमांकाचा फोटो काढून दोघा-तिघांना पाठवून ठेवा. अर्जाला सरकारी फी नाही, केंद्रवाला टायपिंगचे घेतो तेवढेच.)

संध्याकाळी तिच्या घरी पोचलो. तिने पोराला मांडीवर आडवं घेतलं, मान मागे गेलेली, आणि वरणभात भरवायला लागली. घास, ठसका, पाणी, घास. सव्वा तास. सल्ला द्यायचा नव्हता म्हणून मी जीभ चावत बसले होते. शेवटी तिनेच विचारलं, “मॅडम, तुमी असंच भरवता का शाळेत?” मग आम्ही दोघींनी मिळून पाहिलं. भिंतीच्या कोपऱ्यात त्याला बसवला, दोन्ही बाजूंना उशा, गुडघ्याखाली गोधडीची वळकटी, पायाखाली वीट आणि त्यावर पाटीचं लाकूड, म्हणजे पाय लोंबत नाहीत. मान किंचित पुढे. चमचा वरून नाही, समोरून, खालच्या ओठाशी. ठसका दोनदाच लागला. वेळ काही कमी झाला नाही त्या दिवशी. पण मुलगा तिच्या तोंडाकडे बघत जेवला. आडवा असताना त्याला छत दिसायचं. उशा घसरत होत्या तर दुसऱ्या आठवड्यात तिने बारदानाच्या लहान थैल्यांत सरकी भरून दोन जड लोड शिवले. ते मी नंतर सहा घरांत नेले. डिझाइन तिचं.

तर माझा प्रकल्प बदलला. थेरपी केंद्र गेलं आणि चिठ्ठ्या आल्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, मुलं तपासतं, संदर्भ चिठ्ठी देतं. पथक काम करतं, चिठ्ठी खरी असते, पुढचा दवाखानाही असतो. मधल्या रस्त्यावर चिठ्ठीचं काय होतं, हे कुणाच्याच वहीत नव्हतं. मी ठरवलं, चौदा गावांतल्या सेविका एक रजिस्टर ठेवतील : मुलाचं नाव, चिठ्ठी कुठली, कधीची, फोन कोण करणार, काय झालं. छान तक्ता केला. मार्गदर्शक बाईंना पाठवला. ४ डिसेंबरला अंगणवाडी सेविकांचा राज्यभर संप सुरू झाला.

तो जानेवारीअखेरपर्यंत चालला. त्यांच्या मागण्या रास्त होत्या, मानधन ऐकलं तर कळेल. पण माझं रजिस्टर माझ्याच कपाटात. मधे आशाताईंचाही संप झाला. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी दोन ते पाच ऑनलाइन तास असायचा, बाकीचे आपापली प्रगती सांगायचे आणि मी कॅमेरा बंद ठेवायचे. कोर्स सोडावा असं पक्कं ठरवून मी एका शनिवारी बोलले. गटातल्या दोन आयांपैकी एकीने विचारलं, “रजिस्टर सेविकेनेच का ठेवायचं? चिठ्ठी कुणाच्या घरात आहे?”

मग आया. फेब्रुवारीपासून पाच जणी, मंगळवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, पंचायत समितीच्या व्हरांड्यात. बाजाराला त्या येतातच, वेगळी मजुरी बुडत नाही. शंभर पानी वही, तीस रुपये. सत्तावीस मुलांच्या चिठ्ठ्या निघाल्या, कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या गहू भरायच्या कोठीवर. दवाखान्यापर्यंत पोचलेले नऊ. बाकीचे का नाही गेले, तेही त्यांनीच विचारून लिहिलं. ‘वार माहीत नव्हता.’ ‘सासरे नाही म्हणाले.’ ‘गेलो होतो, डॉक्टर नव्हते.’ ‘बोलेल म्हणे उशिरा, बापही उशिरा बोलला.’

इथे माझी चूक लिहायला हवी. उत्साहात मी वहीच्या एका पानाचा फोटो अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, नावांसकट. तो फिरत फिरत एका गावात गेला. मुलीचा बाप कार्यालयात येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, “माह्या पोरीले गावभर येडी केली तुमी.” त्याचं खरं होतं. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, त्याने चहाही दिला नाही. ती चिठ्ठी आजही तशीच आहे. तेव्हापासून वहीत नाव नाही, फक्त गाव आणि नंबर. नावांचा कागद आयांकडे वेगळा असतो. नवीन कुणी असं काही सुरू करत असेल तर पहिल्या दिवशीच हे करा.

तीन विभाग एका टेबलावर आणायचे, हा कोर्सचा पुढचा टप्पा. तालुका आरोग्य अधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी आणि आमचे गटशिक्षणाधिकारी. तिघांची कार्यालयं एकमेकांपासून चालत दहा मिनिटांवर. बैठक २० मार्चला ठरली. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि बैठक गेली. आमच्याकडे मतदान २६ एप्रिलला, मलाही ड्युटी. त्रेचाळीस डिग्रीत मतदान केंद्रावर बसून मी व्हीलचेअरवरून आलेल्या आजोबांसाठी रॅम्प आहे का ते बघत होते. होता, पण त्याच्या तोंडाशी पाण्याचा जार ठेवलेला. तो सरकवला. निकाल ४ जूनला लागले, बैठक १९ जूनला झाली. पस्तीस मिनिटं.

जाताना मी वीस पानांचं सादरीकरण केलं होतं. मार्गदर्शक बाईंनी आदल्या रात्री फोनवर सांगितलं, एक कागद ने आणि एक आई ने. कागदावर सातशे साठ रुपयांचा हिशेब होता. आईने तो वाचला नाही, सांगितला. तक्रार केली नाही, नुसती पहाटे पावणेसहापासून एकेक गोष्ट सांगत गेली. आरोग्य अधिकाऱ्यांनी जिल्ह्याला तिथूनच फोन लावला. हाडांचे डॉक्टर आणि मानसतज्ज्ञ महिन्यातून एका बुधवारी एकाच दिवशी बसतील का, आमच्या तालुक्याची यादी आधी पाठवू. पलीकडून लगेच हो आलं नाही. पत्र लागलं, त्यावर स्मरणपत्र लागलं. पण २४ जुलैला पहिल्यांदा नऊ मुलं एकत्र गेली. सात जणांचं एकाच दिवसात झालं. दोघांना पुन्हा जावं लागलं, एकाच्या आधारवरची जन्मतारीख चुकलेली, दुसरं मूल रडून चाचणीला बसलंच नाही.

शेवटचं सादरीकरण १० ऑगस्टला नागपूरला, आठ मिनिटं. कुणी तालुक्यात केंद्र उभं केलं होतं, कुणी जिल्ह्याचं धोरण बदलायला घेतलं होतं. माझ्याकडे एक वही. परीक्षकांनी विचारलं, तुमची बदली झाली तर हे चालेल का? मी म्हटलं, वही माझ्याकडे नाहीच.

पैशाचं राहिलं. फी चार हजार, दोन शिबिरं आणि सादरीकरणाचा प्रवास, जास्तीचा डेटा, चार दिवस बिनपगारी. सगळं मिळून साधारण तेरा हजारांवर गेलं, वर्षभरात. बारा किरकोळ रजांपैकी एकही घरच्यांसाठी उरली नाही, आणि त्यावरून घरात बोलणं झालं. हेही धरून ठेवा.

त्या पोराच्या गावात १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मी मागच्या रांगेत होते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्या गावात ती रक्कम दहा-अकरा हजार निघते आणि आदल्या वर्षी त्यातून ब्लँकेटं वाटली होती. पोराची आई उठली. म्हणाली, “ब्लँकेट नोको. गाडीभाडं द्या.” एकाने विचारलं, एका पोरावर किती खर्च करायचा? दुसरा म्हणाला, उद्या सगळेच मागतील. सरपंचबाई म्हणाल्या, सगळे म्हणजे किती? तिने वही काढली. त्या गावात चार. वीस मिनिटं वाद झाला, ठराव लिहिला गेला, प्रतिमुलामागे महिन्याच्या एका फेरीचं भाडं. ठरावाची नक्कल तिथल्या तिथे मागून घ्यायला मी तिला आधीच सांगितलं होतं. भाड्याचे पैसे हातात पडायला मात्र डिसेंबर उजाडला.

माझं कोर्सचं प्रमाणपत्र सप्टेंबरमध्ये पोस्टाने आलं. पोराचं कार्ड दिवाळीच्या आठवड्यात आलं, पिवळ्या पट्टीचं. पुढच्या बुधवारी सकाळी सहाला फोन वाजला, म्हणून घाबरून उठले. तिने फोटो पाठवला होता. अंधारातला, हललेला. तिच्या तळहातावर सवलतीचं तिकीट, आणि मागे खिडकीच्या काचेला लावलेलं पोराचं नाक.